समुद्रावाचून खारे पाणी : लोणारचे सरोवर आणि आपल्या खाड्या

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव अरबी समुद्रापासून सरळ रेषेत मोजले तरी जवळपास चारशे किलोमीटर दूर आहे. तेथील सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपेक्षा पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. असे असूनही त्या सरोवराचे पाणी खारे आहे, आणि उन्हाळ्यात काठावर क्षारांचा पांढरा थर धरतो. हे पाहून अनेक जण एक सोपा तर्क करतात की, फार पूर्वी येथवर समुद्र असला पाहिजे आणि तो मागे हटताना हे पाणी येथे अडकून पडले असावे.

हा तर्क स्वाभाविक आहे, विशेषतः किनारपट्टीवर वाढलेल्या माणसाला. खारे पाणी म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे खाडी, खाजण आणि मिठागरे उभी राहतात. परंतु लोणारच्या बाबतीत तो चुकीचा आहे. हे सरोवर ज्या काळ्या पाषाणात आहे तो पाषाण समुद्राने घडविलेला नाही, आणि सरोवर निर्माण झाल्यापासून समुद्र तेथे कधीही पोहोचलेला नाही. मग पाणी खारट का झाले? आणि खाडीचे खारे पाणी व लोणारचे खारे पाणी यांत साम्य कोणते आणि भेद कोणता? या प्रश्नांचा विचार केल्यास लोणार तर समजतेच, पण आपल्या अंगणाशेजारच्या खाडीकडेही आपण अधिक जाणतेपणाने पाहू लागतो.

दोन गोष्टींचा मेळ

पाण्याचे कोणतेही भांडे, मग ती खाडी असो वा सरोवर, दोन गोष्टींच्या मेळातून घडते. पहिली गोष्ट म्हणजे जमिनीचा आकार. तो भूकवचाच्या हालचालींनी किंवा एखाद्या आघाताने ठरतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्या आकारात पाणी कोणत्या पातळीपर्यंत उभे राहते ही. पहिली गोष्ट बहुधा अतिशय संथ असते, दुसरी त्या मानाने चंचल असते. काठावर कोणती झाडे उगवावीत, चिखल कोठे साचावा, विहिरीचे पाणी गोड राहावे की मचूळ व्हावे, हे बहुतांशी दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असते.

प्रथम परिचित खाडीचे उदाहरण घेऊ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात प्रचंड प्रमाणावर लाव्हा वाहिला आणि दख्खनचा थरावर थर रचलेला काळा पाषाण तयार झाला. भूशास्त्राच्या मोजमापाने त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्स बेटांचा भूखंड भारतापासून तुटून अलग झाला आणि आपला पश्चिम किनारा अस्तित्वात आला. या ताणाची खूण आजही दिसते. घाटावर जे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत, तेच पनवेलच्या आसपासच्या पट्ट्यात समुद्राच्या दिशेने झुकलेले आढळतात. कोकणची अरुंद पट्टी, सह्याद्रीचा उभा कडा आणि त्यावरून झपाट्याने समुद्राकडे धावणाऱ्या आखूड नद्या हा या भूकवचाच्या हालचालींचा व त्यानंतरच्या दीर्घ झिजेचा परिणाम आहे.

हे झाले भांडे. त्यात पाणी भरले ते हिमयुगाच्या अखेरीस. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरील पाण्याचा मोठा हिस्सा ध्रुवांजवळच्या बर्फात गोठलेला होता, आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी मुंबई, वसई, रेवदंडा या ठिकाणी किनारा नव्हताच. तो आजच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला कित्येक किलोमीटर दूर होता, आणि नद्या त्या उघड्या मैदानातून आपली खोरी कोरत वाहत होत्या. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढत गेला, आणि सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीच्या जवळ आला. चढताना तो नद्यांच्या खोऱ्यांत शिरला. उल्हास नदीच्या मुखाकडील वसईची खाडी, वैतरणेची खाडी, दक्षिणेकडील दाभोळ व जयगडच्या खाड्या ही अशी समुद्राने व्यापलेली नदीखोरी आहेत.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पाणी चढलेले दिसते, पण प्रत्यक्षात समुद्र चढला की जमीन खचली, हे नुसत्या पाहण्याने कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ सापेक्ष पातळी असा शब्द वापरतात. १८७८ साली मुंबईत प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली चिखलात गाडलेले जंगल सापडले. साडेतीनशेहून अधिक वृक्षांचे बुंधे तेथे होते, आणि त्यांतील बरेचसे मुळांसकट उभे होते. ज्या जमिनीवर एके काळी झाडे वाढली, ती जमीन पाण्याखाली गेली होती एवढे त्यातून सिद्ध झाले. याउलट रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, वाळू आणि शिंपल्यांचा घट्ट झालेला जो दगड लोक करळ म्हणून ओळखतात, तो काही ठिकाणी आजच्या भरतीरेषेच्या वर आढळतो. म्हणजे तेथे पाणी कधी काळी आजच्यापेक्षा थोडे वर होते, किंवा जमीन थोडी उचलली गेली. खाडीत अशी दोन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली असतात, आणि ती वेगळी करणे कठीण जाते.

लोणारचे महत्त्व नेमके येथे आहे. तेथे भरती नाही, ओहोटी नाही, नदीचे मुख नाही. भांडे एकदाच आणि एका क्षणात घडले. त्यानंतर बदलत राहिली ती प्रामुख्याने पाण्याची पातळी आणि तळाशी साचणारा गाळ. जो हिशेब खाडीत गुंतागुंतीचा असतो, तो येथे पुष्कळ सुटसुटीत रूपात वाचता येतो.

भांडे कसे घडले

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ गोलाकार आहे. त्याची कडा भोवतालच्या सपाट जमिनीपेक्षा सुमारे २० ते ३० मीटर उंच आहे, आणि कडेपासून सरोवरापर्यंतची खोली सव्वाशे ते दीडशे मीटरच्या दरम्यान भरते. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. स्थानिक लोकांना मात्र ते शतकानुशतके ठाऊक होते. लवणासुर नावाच्या दैत्याचा विष्णूने येथे वध केला अशी कथा सांगितली जाते, आणि गावातील दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर त्या कथेशी जोडलेले आहे. लवण म्हणजे मीठ. खारेपणा ही या स्थळाची पहिली ओळख होती, हे नावातच दिसते.

एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक भूशास्त्रज्ञांना वाटत होते की हा ज्वालामुखीचा प्रकार असावा, किंवा जमीन खचून हा खड्डा पडला असावा. भोवती सर्वत्र ज्वालामुखीचाच पाषाण असल्याने हा समज होणे साहजिक होते. पण अडचण अशी होती की तो पाषाण कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, आणि विवर मात्र त्या मानाने ताजे, फारसे न झिजलेले.

याचा निर्णय खोदकामाने लागला. सरोवराच्या तळात छिद्रे घेण्यात आली, तेव्हा सुमारे शंभर मीटर गाळाखाली फुटून चुरा झालेला व पुन्हा घट्ट बसलेला पाषाण मिळाला. त्यात मास्केलिनाइट नावाची काच होती. पाषाणातील फेल्डस्पार या खनिजाचे न वितळता काचेत रूपांतर होण्यासाठी जो दाब लागतो, तो ज्वालामुखीत निर्माण होत नाही. प्रचंड वेगाने झालेल्या आघातातच तो निर्माण होतो. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम या शास्त्रज्ञांनी १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा पुरावा मांडला, आणि लोणारचे विवर अवकाशातून आलेल्या पिंडाच्या आघाताने झाले आहे हे मान्य झाले. १९७९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला.

असा आघात घडताना काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा पिंड जमिनीवर आदळला की त्याची सारी गती क्षणार्धात धक्का आणि उष्णता यांत बदलते. पाषाण खाली दाबला जातो, बाहेर फेकला जातो, आणि कडेचे थर उचलले जाऊन दुमडतात. म्हणूनच लोणारच्या कडेवर लाव्ह्याचे थर बाहेरच्या बाजूस कललेले दिसतात. काही ठिकाणी तर ते उलटे पडलेले आहेत. फेकला गेलेला दगडमातीचा थर कडेच्या बाहेर किलोमीटरभराहून अधिक अंतरापर्यंत पसरला आहे. कोकणचे भूकवच झुकायला लाखो वर्षे लागली. लोणारचे थर काही क्षणांत उलटले.

हा आघात केव्हा झाला याविषयी मत बदलत गेले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे मानले गेले, आणि हाच आकडा अनेक पुस्तकांत व माहितीफलकांवर रूढ झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीत आघातात वितळलेल्या पाषाणातील आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून हे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. ही दुसरी मोजणी धरली, तर लोणारच्या आयुष्यात हिमयुगे पुनःपुन्हा आली आणि गेली, आणि तेवढ्या काळात आपल्या किनाऱ्यावरचा समुद्र अनेक वेळा खाली गेला व परत चढला.

पाणी येते कोठून, जाते कोठे

लोणारच्या सरोवराला पाणी तीन वाटांनी मिळते. थेट पडणारा पाऊस, विवराच्या उतारांवरून वाहून येणारे पाणी, आणि भूजल. दख्खनच्या पाषाणाच्या थरांत भेगा असतात, आणि त्यांतून मुरलेले पाणी हळूहळू सरकत असते. विवराने हे थर मधोमध कापले असल्यामुळे काही ठिकाणी ते पाणी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. ईशान्य बाजूचा धार हा झरा त्यांत प्रमुख आहे. सीतान्हाणी व रामगया हे झरेही प्रसिद्ध आहेत. या झऱ्यांचे पाणी गोड आहे.

मात्र पाणी बाहेर जाण्यास वाट नाही. सरोवरातून एकही ओढा निघत नाही. आलेले पाणी बहुतांशी वाफ होऊनच जाते. म्हणून सरोवराची पातळी म्हणजे जमाखर्चाची शिल्लक होय. एका बाजूस पाऊस व झरे, दुसऱ्या बाजूस ऊन आणि वारा. चांगल्या पावसाच्या वर्षांत पाणी वर चढून काठच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत येते. सलग अवर्षणे पडली तर ते मागे हटते आणि चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो.

खाडीत पातळीचा निर्णय जगभरचा समुद्र करतो. लोणारमध्ये तो मोसमी पाऊस करतो. परंतु काठावर होणारे परिणाम पुष्कळ सारखे आहेत. धारेचा ओढा सरोवरास मिळतो त्या ठिकाणी गाळाचा पंख्यासारखा पसरलेला सपाट प्रदेश आहे. नदी खाडीस मिळते तेथे जसा गाळ टाकते, तसाच हा प्रकार आहे. पातळी वर असेल तर गाळ मागेच पडतो, खाली गेली तर ओढा आपल्याच जुन्या गाळातून वाट कोरत पुढे जातो.

गोडे आणि खारे पाणी शेजारी नांदण्याचा अनुभवही दोन्हीकडे येतो. खाडीत नदीचे हलके गोडे पाणी वरून आणि समुद्राचे जड खारे पाणी खालून, असे काही अंतर एकत्र वाहते. लोणारच्या काठाशी सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोड व दुसऱ्या बाजूचे खारट लागते असे गावकरी सांगतात. झऱ्याचे भूजल आणि सरोवराचे पाणी जेथे एकमेकांना भिडतात, तेथे असे घडणे शक्य आहे. सरोवराची पातळी वाढली की ही विहीर पाण्याखाली जाते.

खारेपणाचे रहस्य

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समुद्र नसताना मीठ आले कोठून? ते आले पाषाणातून. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि काळ्या पाषाणाला कणाकणाने झिजवते. त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्ये पाण्यात उतरतात. विहिरीचे पाणी जड लागते ते यामुळेच. नदीत हे क्षार वाहून समुद्रास मिळतात. लोणारमध्ये त्यांना जाण्यास जागा नाही. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. वर्षामागून वर्षे, हजारो वर्षे हेच चालू राहिले.

यात एक निवडही घडते. पाणी आटू लागले की कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे कार्बोनेट आधी तळाशी बसतात. पाण्यात उरतात ते सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट व क्लोराइड. म्हणून लोणारचे पाणी नुसते खारट नाही. ते सोड्याचे पाणी आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे मोजमाप, सुमारे ८ असतो. लोणारचा बराच काळ १० च्या आसपास नोंदला गेला आहे. या मोजमापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही पाण्यांतील अंतर कळते. समुद्राचे पाणी लोणारला आले असते, तर हा सोड्याचा गुण आला नसता.

हा सोडा माणसाने पिढ्यान्‌पिढ्या वापरला. 'आईन-ई-अकबरी' या ग्रंथात या परिसरातून काच व साबण यांस लागणारी द्रव्ये मिळतात असा उल्लेख आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावरून व उथळ भागातून क्षार गोळा केले जात. त्यांच्या प्रतीनुसार डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी निरनिराळी नावे होती. बांगड्यांची काच, साबण, कापड रंगविणे यांसाठी त्यांचा उपयोग होई. आपल्या मिठागरांतही ऊन व वारा यांच्याच साहाय्याने क्षार मिळविले जातात. तेथे माणूस बांध घालून समुद्राचे पाणी अडवितो. लोणारमध्ये विवराची कडा हाच बांध आहे.

अशा पाण्यात सामान्य मासे जगू शकत नाहीत, पण ते निर्जीव मुळीच नाही. स्पिरुलिना या नावाने ओळखले जाणारे सूक्ष्म नीलहरित जीव त्यात विपुल वाढतात, आणि सरोवराचा हिरवा रंग बव्हंशी त्यांच्यामुळे असतो. त्यांच्यावर व इतर सूक्ष्म जीवांवर पाणपक्षी पोसले जातात. जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी झाले आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा अतिखारट पाण्यात वाढणारे व गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्म जीव त्याला कारण असल्याचे आढळले. पाण्याची पातळी उतरली, क्षारांचे प्रमाण वाढले आणि या जीवांना अनुकूल स्थिती मिळाली. पुढे पाऊस पडून पाणी पातळ झाल्यावर तो रंग ओसरला. काही हात पाणी कमी-अधिक झाल्याने संपूर्ण सरोवराची जीवसृष्टी कशी पालटते, याचे हे सर्वांनी पाहिलेले उदाहरण होय.

गाळाची वही

सरोवराच्या तळाशी दरवर्षी थोडा थोडा गाळ बसतो. वरचा थर नवा, खालचा जुना. या गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा उभा नमुना काढून भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला, आणि त्यातून गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांच्या पावसाचा इतिहास उलगडला.

तो वाचण्याची एक किल्ली म्हणजे गेलुसाइट नावाचे खनिज. सोडियम व कॅल्शियम यांचे हे कार्बोनेट पाणी फार आटून क्षार अतिशय दाट झाले तरच तयार होते. ज्या थरांत त्याचे स्फटिक सापडतात, तो काळ दीर्घ अवर्षणाचा होता असे समजते. या अभ्यासात असे दोन मोठे शुष्क कालखंड दिसून आले : एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. मध्य भारतातील माणसाने शेती कशी केली, वस्त्या कोठे हलविल्या, याचा विचार करणाऱ्या इतिहासकारांना ही नोंद मोलाची वाटते.

वहीचे सर्वांत जुने पान अधिक अर्थपूर्ण आहे. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस बळावला आणि कोरड्या काळानंतर सरोवर भरू लागले, असे हे थर सांगतात. हा तोच काळ, जेव्हा हिमयुग संपून बर्फ वितळत होते आणि समुद्र आपल्या नदीखोऱ्यांकडे चढत येत होता. पृथ्वी उबदार झाली, तेव्हा किनाऱ्यावर त्याचा परिणाम समुद्राच्या चढण्याने झाला, आणि चारशे किलोमीटर आत लोणारमध्ये पावसाच्या वाढण्याने झाला. दोन ठिकाणची पाणी वेगळी, पातळी ठरविणारी कारणे वेगळी, पण दोहोंच्या मागे एकच हवामान होते. खाडीच्या चिखलात आणि लोणारच्या गाळात एकाच घटनेच्या दोन नोंदी आहेत.

आज पणाला काय लागले आहे

२००० साली लोणारला अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. तरीही सरोवरापुढील प्रश्न सुटलेले नाहीत. बाहेर जाण्यास वाट नसलेल्या पाण्यात जे जाते ते तेथेच राहते. क्षार जसे राहतात, तसे गावाचे सांडपाणी, खतांचा अंश आणि वाहून आलेली मातीही राहते. समुद्राला मिळणाऱ्या खाडीला दिवसातून दोन वेळा भरती-ओहोटी धुऊन काढते; लोणारला ती सोय नाही.

धोका दोन्ही बाजूंनी आहे. पाणी फार आटले तर क्षार दाट होऊन नेहमीचे जीव मरतात. उलट गोडे पाणी प्रमाणाबाहेर आले तर सोडा पातळ होतो, सामू उतरतो, आणि ज्या जीवांना दुसरीकडे सहसा घर नाही त्यांचे घर नाहीसे होते. भोवताली विहिरींतून होणारा उपसा, पाणी जिरविण्याची कामे, उतारांवरील झाडांची तोड, काठावर माजलेली वेडी बाभूळ, यांतील प्रत्येक गोष्टीचा त्या जमाखर्चावर परिणाम होतो. पाण्याची वाढ पाहून नेहमीच आनंद मानावा असे हे सरोवर नाही. त्याचे आरोग्य समतोलात आहे.

आपल्या खाड्यांचा हिशेबही आज पुन्हा मांडावा लागत आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ या अलीकडच्या काळात ही वाढ वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर या वेगाने झाली. आकडा लहान वाटतो. पण खाडीकाठची शेते, मिठागरे आणि खाजणे समुद्रसपाटीला इतकी लागून असतात की वीतभर पाण्याने बांधावरून पाणी आत येते आणि विहिरी मचूळ होतात. खाडीकडे आपला एक बचाव असतो. तिवरांच्या मुळांत गाळ अडकून राहतो आणि खाजणाची जमीन पाण्याबरोबर हळूहळू वर येऊ शकते. तिवरे तोडली, खाजणांत भराव टाकला, नदीचा गाळ धरणांत अडवला आणि मुखाशी वाळू उपसली, तर जमीन वर येण्याचे थांबते आणि समुद्र तेवढा चढतच राहतो. सापेक्ष पातळीच्या या हिशेबात समुद्राची बाजू आपल्या एकट्याच्या हाती नाही, जमिनीची बाजू मात्र बरीचशी आपल्या हाती आहे.

भूकवचाविषयीही गाफील राहता येत नाही. स्थिर समजल्या जाणाऱ्या दख्खनमध्ये १९६७ साली कोयनेला आणि १९९३ साली किल्लारीला विनाशकारी भूकंप झाले. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी परिसराने २०१८ च्या नोव्हेंबरपासून लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका अनुभवली. या धक्क्यांनी खाड्यांचा आकार बदलला असे नव्हे. परंतु ज्या पाषाणावर आपण घरे, पूल आणि बांध उभारतो, तो निश्चल नाही याचे स्मरण ठेवूनच ती कामे करावी लागतात.

लोणारला जाण्याचा योग आल्यास कडेवर थोडे थांबून प्रथम भांड्याचा आकार पाहावा, मग पाण्याची रेषा पाहावी, आणि काठावर पूर्वीच्या पाण्याच्या खुणा शोधाव्यात : वाळून पांढरा झालेला पट्टा, पाण्यात उभी राहिलेली झाडे, मंदिराच्या पायऱ्यांवरचा डाग. क्षार वा दगड उचलून आणू नयेत, आणि कचरा टाकू नये. तेथे पडलेले काहीही वाहून जात नाही. परतल्यावर हीच दृष्टी आपल्या खाडीकडे वळवावी. आपल्या गावातील वडीलधाऱ्यांना मोठ्या भरतीचे पाणी पूर्वी कोणत्या बांधापर्यंत येई, कोणती विहीर गोड होती, कोणत्या खाजणात तिवरे होती, हे आजही आठवते. ती माहिती सालासकट लिहून ठेवावी. लोणारच्या पाण्याचा हिशेब गाळाने आपण होऊन जपला. आपल्या खाडीच्या अलीकडच्या शंभर वर्षांचा हिशेब जपण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल, आणि ज्यांना तो तोंडपाठ आहे ती पिढी आपल्यात आहे तोवरच ते होऊ शकेल.